गुण झाडाचा, भार छातीला

तंबाखू सोडायचं मनावर घेतलेल्या माणसाला एक पळवाट हमखास सुचते. तंबाखू वाईट, मान्य. पण विडीत किंवा चिलमीत तंबाखूच्या जागी एखादा रानपाला भरला तर? तलफही भागेल आणि पापही लागणार नाही. मराठवाड्यातल्या लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याचा लिलाव खोळंबलेला असताना चहाच्या टपरीवर हा विषय काढून बघा, चार जण चार झाडं सांगतील. एक जण तुळस-ज्येष्ठमधाच्या ‘आयुर्वेदिक’ विडीचं नाव घेईल. दुसऱ्याच्या आजोबांचा दमा म्हणे धोतऱ्याच्या धुरानं बसायचा. तिसरा अडुळशाची शपथ घेईल. आणि शिकायला पुण्याला असलेला एखादा नातू सांगेल की अमेरिकेतले आदिवासी विलोची साल ओढतात, आणि ॲस्पिरिनही विलोच्याच सालीतून आलंय.

यातलं एकही विधान निव्वळ थाप नाही. प्रत्येकामागे इतिहास आहे, काहींमागे शास्त्रही आहे. घोटाळा होतो तो तीन निराळे प्रश्न एकात कालवल्यामुळे. हा धूर औषध म्हणून उपयोगी आहे का, विधी म्हणून त्याला काय अर्थ आहे, आणि रोजची सवय म्हणून तो तंबाखूपेक्षा बरा आहे का? तिन्हींची उत्तरं वेगळी निघतात. ती एकेक करून तपासायची तर आपल्या घरापासूनच सुरुवात केलेली बरी.

चरकाची वात आणि कुंभाराची चिलीम

झाडाची साल ओढणं ही फक्त अमेरिकेची मिरास नाही. तंबाखू भारतात येण्याच्या कितीतरी शतकं आधी चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, धूमपानाचा सविस्तर विधी सांगितला आहे. त्यातल्या नेहमीच्या वापराच्या धुरासाठी जी द्रव्यं दिली आहेत, त्यांत वेलदोडा, चंदन, वाळा, जटामांसी, ज्येष्ठमध, गुग्गुळ यांच्या जोडीला वड, उंबर, पिंपळ, प्लक्ष आणि लोध्र यांच्या साली आहेत. म्हणजे लासूरच्या कोणत्याही पारावर सावली धरून असलेली झाडं त्या यादीत आहेत.

पण ही साल सोलली, चुरली आणि ओढली असा प्रकार नव्हता. द्रव्यं वाटून त्यांचा लगदा एका बोरूसारख्या काडीवर थापायचा. मधे फुगीर, टोकांना निमुळती, जवाच्या दाण्याच्या आकाराची, अंगठ्याएवढी जाड आणि आठ अंगुळं लांब अशी वात करायची. ती वाळली की आतली काडी काढून घ्यायची, वात तुपात माखायची, नळीत बसवायची आणि मग पेटवायची. नळीही मोजून केलेली. रोजच्या धुरासाठी ३६ अंगुळं, स्निग्ध धुरासाठी ३२, शिरोविरेचनासाठी २४. ती सरळ हवी, तिला तीन सांधे हवेत आणि टोकाचं भोक बोराच्या बीएवढं हवं. इतका खटाटोप कशासाठी, तेही ग्रंथात आहे: लांबून येणारा, सांध्यांशी अडणारा आणि नळीत विरळ होत जाणारा धूर इंद्रियांना इजा करत नाही. धूर नाकानं घ्या की तोंडानं, सोडायचा मात्र तोंडानंच, नाहीतर डोळ्यांना बाधतो. वेळा ठरलेल्या, कोणी ओढू नये त्याची यादी लांबलचक, आणि अवेळी किंवा अति ओढल्यास बहिरेपण, आंधळेपण, मुकेपण, रक्तपित्त आणि भोवळ येते असा इशारा. आयुर्वेदाचार्य वाग्भटानं तर अठराव्या वर्षाआधी धूम देऊच नये असं म्हटलं आहे. आजच्या तंबाखू कायद्यातही विक्रीसाठी वयाची अट अठराचीच आहे.

आता याच्या शेजारी बाजारातली मातीची चिलीम ठेवून बघा. वीतभर लांबीचा, खाली निमुळता होत गेलेला भाजलेला नळा. आत खडा बसवायचा, म्हणजे जळका चुरा तोंडात येत नाही. वर भुकटी दाबायची, त्यावर निखारा ठेवायचा, आणि बुडाशी ओली छापी, म्हणजे चिंधी, गुंडाळून, मुठीची पोकळी करून झुरका मारायचा. छापीनं धूर जरा निवतो, मोठे कण अडतात. बस्स, तेवढाच बंदोबस्त. ३६ अंगुळांच्या नळीनं जे साधायचं होतं, ते या चिंधीवर सोपवलेलं असतं. त्यामुळे ‘आयुर्वेदातही धूमपान आहे’ हे वाक्य चिलमीच्या बचावाला पुढे केलं जातं तेव्हा चरकाचा अर्धाच साक्षीपुरावा वाचलेला असतो. त्यानं सांगितला तो मात्रेचा उपचार होता. दिवसभर तोंडात विडी ठेवायला त्यात परवानगी नाही.

तंबाखू दख्खनमध्ये आली पोर्तुगीजांच्या वाटेनं. अकबराच्या दरबारातला असद बेग विजापूरला गेला होता. तिथं पाहिलेली तंबाखू आणि ओढायची नळी त्यानं १६०४-०५ च्या सुमारास बादशहापुढे ठेवली. हकिमांनी तेव्हाच कुरकुर केली होती. पुढे १६१७ मध्ये जहांगीरानं बंदी घातली, तिला कोणी फारशी भीक घातली नाही. तंबाखूनं चिलीम अशी काबीज केली की तिच्यात आधी काय जळत होतं याचा लोकांना विसर पडला.

विलो: नावाचा गोंधळ, सालीचा गुण

विलो म्हणजे आपल्याकडच्या पोरांना ठाऊक असलेलं ‘काश्मीर विलो’चं, बॅटीचं लाकूड. त्याच प्रजातीतलं आपलं झाड वाळुंज, सह्याद्रीतल्या नदी-ओढ्यांच्या काठी वाढणारं. मराठवाड्यातल्या कोरड्या शिवारात ते सहज दिसायचं नाही.

उत्तर अमेरिकेतल्या मैदानी टोळ्या जी ‘लाल विलो’ची साल ओढतात, ती मात्र बहुतेक वेळा विलोची नसतेच. ते लाल काटक्यांचं डॉगवुड नावाचं झुडूप आहे आणि विलोच्या कुळाशी त्याचं नातं नाही. वरची लाल साल खरवडून काढायची, आतली हिरवट साल सुरीनं कुरळ्या पट्ट्यांत सोलायची, विस्तवाजवळ वाळवायची आणि बेअरबेरीची पानं, सुमाकची पानं किंवा तंबाखू यांत मिसळायची. या मिश्रणाला किनिकिनिक म्हणतात. लुईस आणि क्लार्क यांच्या १८०४ ते १८०६ च्या मोहिमेच्या रोजनिशीत अशा मिश्रणांच्या नोंदी आहेत. चिलमीचं डोकं बहुधा मिनेसोटातल्या पाइपस्टोनच्या खाणीतल्या तांबड्या दगडाचं. ती खाण १९३७ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली आणि तिथला दगड काढायचा हक्क आजही मूलनिवासींकडेच आहे.

खऱ्या विलोच्या सालीची कथा निराळी. एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्यानं ती साल वाळवून, कुटून, हिवतापासारख्या तापाच्या सुमारे ५० रुग्णांना दिली आणि १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं. १८२८ मध्ये म्युनिकच्या योहान बुखनरनं सालीतून सॅलिसिन वेगळं केलं. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमननं ॲसिटाइल सॅलिसिलिक आम्ल शुद्ध स्वरूपात बनवलं आणि १८९९ मध्ये ते ॲस्पिरिन नावानं बाजारात आलं.

या सगळ्या प्रवासात साल पोटात गेली, चिलमीत गेली नाही. सॅलिसिनचं काम आतड्यात आणि यकृतात होतं. तिथं त्याचं सॅलिसिलिक आम्ल बनतं आणि मग ठणका कमी होतो. कंबरदुखीवरच्या चाचण्यांत दिवसाला १२० ते २४० मिलिग्रॅम सॅलिसिन तोंडावाटे दिलं गेलं. पेटत्या टोकाशी झुरक्यागणिक तापमान शेकडो अंशांवर जातं, सिगारेटच्या टोकाशी तर सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत. त्या भट्टीत सालीतलं किती द्रव्य टिकेल आणि छातीत किती उतरेल याचा हिशोब ठेवता येत नाही. मात्रा कळत नसेल त्याला औषध कसं म्हणायचं? उलट ज्यांना ॲस्पिरिन सोसत नाही, त्यांना सालीच्या काढ्यानंही त्रास होऊ शकतो.

धोतरा, अडुळसा, रानतंबाखू

धोतऱ्याचा दावा मात्र खरा होता. दम्यावर धोतऱ्याचा धूर हा भारतीय उपचार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमधल्या इंग्रज डॉक्टरांनी उचलला. १८०२ च्या आसपास तो ब्रिटनमध्ये पोहोचला आणि पुढची शंभरावर वर्षं युरोप-अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत ‘दम्याच्या सिगारेटी’ विकल्या जात होत्या. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा दमेकरी, तोही त्या ओढत असे. धोतऱ्यातल्या अट्रोपीनसारख्या द्रव्यांनी आवळलेल्या श्वासनळ्या सैल पडतात, म्हणून आराम वाटायचा.

पण तीच द्रव्यं थोडी जास्त झाली की तोंडाला कोरड, बाहुल्या विस्फारलेल्या, काळजाचे ठोके धावते आणि माणूस भ्रमिष्टासारखा बरळू लागतो. पानागणिक, झाडागणिक, ऋतूगणिक विषाचं प्रमाण बदलतं. एका झुरक्यात उतारा आणि दुसऱ्यात दवाखाना, अशी ती बाजी होती. शेवटी औषधशास्त्रानं अट्रोपीनच्या रेणूत फेरफार करून इप्राट्रोपियम बनवलं. ते रक्तात फारसं उतरत नाही आणि मापून फवारता येतं. आज लासूरच्या औषधाच्या दुकानात दमेकऱ्याला मिळणाऱ्या काही पंपांत धोतऱ्याचा तो वंशज आहे, धुराशिवाय.

अडुळशाचीही वाट तशीच. कुडाला लावलेला अडुळसा मराठवाड्यात घरोघरी ओळखीचा. त्याचा रस आणि काढा कफावर, आणि वाळलेली पानं दम्यासाठी ओढायचीही रीत होती. पानातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि त्यातून ॲम्ब्रोक्सॉल. खोकल्याच्या कितीतरी पातळ औषधांच्या बाटलीवर ही नावं छापलेली दिसतात.

सह्याद्रीत, महाबळेश्वरकडच्या माळांवर, एक उंच रोप उभं असतं. लोक त्याला रानतंबाखू म्हणतात, देवनळही म्हणतात. तंबाखूशी त्याचं कूळ जुळत नाही, पण त्यातलं लोबेलिन शरीरात निकोटिनच्याच जागी जाऊन चिकटतं. त्यामुळे ‘सिगारेट सोडवणारं औषध’ म्हणून लोबेलिनच्या गोळ्या पाश्चात्त्य बाजारात बरीच वर्षं खपल्या. १९९३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, उपयोगाचा पुरावा नाही म्हणून, चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांतून ते बाद केलं. झाड विषारी आहे, मळमळ-उलटीपासून त्याची सुरुवात होते.

या चारही झाडांची कहाणी शेजारी ठेवली की मला एकच गोष्ट ठळक दिसते. ज्या झाडात खरोखर गुण होता, तो धुरातून सोडवून घेतल्यावरच माणसाच्या भरवशाचा झाला. ज्यात नव्हता, त्याला धुरानंही तो दिला नाही. ‘पूर्वज ओढायचे’ हे खरं असलं तरी पूर्वजांच्या हाती गोळी नव्हती, पंप नव्हता. धूर हीच त्यांची सुई होती.

ओळख चुकली तर

रानातलं ओढायचं म्हटलं की आणखी एक धोका येतो, तो ओळखीचा. अमेरिकेत डॉगवुडला विलो म्हणतात, तसं आपल्याकडे एकाच नावाची दोन झाडं आणि एकाच झाडाची पाच नावं असतात. विलोची पानं अरुंद, लांबट. तशीच पानं कण्हेरीची असतात आणि कण्हेर दारोदारी, रस्त्यांच्या दुभाजकांवर लावलेली. तिच्या पानाखोडात हृदयाची गती बिघडवणारी विषं आहेत, जळत्या कण्हेरीचा धूरसुद्धा घातक मानतात. शिवाय बांधावरचा पाला म्हणजे निर्मळ रान नव्हे. कपाशीच्या पट्ट्यात हंगामभर फवारे चालतात, तणनाशक बांधापर्यंत पोहोचतं. वाळलेल्या पाल्यात काय उरलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

चुलीचा पुरावा

तंबाखू नसेल तर धूर निरुपद्रवी, या समजुतीला खोडून काढायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीची लाकडं आणि गोवऱ्या जाळणारी चूल पुरेशी आहे. हा सगळा अस्सल वनस्पतींचा धूर, निकोटिनचा कणही नाही. तरीही आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बायकांना दीर्घकालीन श्वसनरोग होतो, कारण त्यांची हयात चुलीपुढे गेली. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो, सूक्ष्म कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात, डांबरासारख्या चिकट भागात कर्करोगाला आमंत्रण देणारी द्रव्यं असतात. पान तुळशीचं आहे की तंबाखूचं, हे जळताना निखाऱ्याला कळत नाही.

याच कारणानं डॉक्टर बाळ-बाळंतिणीला द्यायच्या धुरीबद्दल सांगून थकले. शेगडीच्या निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या साली टाकून खोली धुरानं भरायची. त्यामागची माया खरी आहे, पण नवजात बाळाच्या इवल्याशा श्वासनळीला ती सोसत नाही.

विडीचंही असंच. विडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी असते आणि वेष्टन टेंभुर्णीच्या पानाचं, काही भागांत आपट्याच्या पानाचं, म्हणून ती ‘नैसर्गिक’ आणि सौम्य असा समज आहे. प्रत्यक्षात ते पान कागदासारखं हवा खेळू देत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात, आणि त्यातून डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या तोडीचं किंवा जास्तच मिळतं. वनौषधींची विडी याच टेंभुर्णीच्या पानात वळतात. तंबाखू काढली म्हणजे निकोटिन गेलं, व्यसनाचा आकडा सुटला, हा फायदा नाकारायचं कारण नाही. पण फुप्फुसापुरती कहाणी फारशी बदलत नाही.

विधीचा प्रश्न वेगळा

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग परंपरेतली चिलीम मोडीतच काढायची का? तसं नाही. पाइपस्टोनच्या दगडाची चिलीम प्रार्थनेसाठी असते, हातोहात फिरते, आणि तिचा धूर पुष्कळदा छातीत ओढतही नाहीत, तोंडात घेऊन सोडतात. आपल्याकडेही चिलीम भक्तिकथांत शिरली आहे. शेगावच्या गजानन महाराजांची निखाऱ्यावाचून पेटलेली चिलीम दासगणूंच्या पोथीमुळे घराघरात पोहोचली. साईबाबांची एक सुरुवातीची कथा तर लासूरच्याच जिल्ह्यातल्या, पैठण तालुक्यातल्या धूपखेड्याच्या चांद पाटलाची. हरवलेल्या घोडीच्या शोधात निघालेल्या पाटलाला एक तरुण फकीर चिलीम भरताना भेटला. त्यानं चिमटा आपटून निखारा काढला, सटका मारून पाणी काढलं, छापी भिजवली आणि चिलीम स्वतः ओढून पाटलालाही दिली. या कथेत चिलीम परक्याला जवळ बोलावण्याचं निमित्त आहे. तिच्यातून कोणी औषधाचा गुण शोधत नाही आणि शोधूही नये. श्रद्धेचा दाखला देऊन रोजच्या व्यसनाचं समर्थन करणं हा त्या कथेवरही अन्यायच आहे.

कायद्यातली फट

कायद्याच्या बाजूनं बघितलं तर इथं एक भोक राहून गेलं आहे. भारताच्या २००३ च्या सिगारेट व तंबाखू उत्पादने कायद्यात धूम्रपान म्हणजे तंबाखूचं धूम्रपान, अशीच व्याख्या आहे. तंबाखूच्या वेष्टनावर एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के जागा व्यापणारं इशाऱ्याचं चित्र छापावं लागतं. तंबाखू नसलेली वनौषधी विडी मात्र तुळशीचं पान मिरवत विकता येते. गांजाचा मामला १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात स्वतंत्रपणे येतो.

बाकी जगानं हा फरक ओळखला आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००० मध्ये वनौषधी सिगारेट विकणाऱ्यांना असा खुलासा छापायला लावला की या सिगारेटी आरोग्याला घातक आहेत आणि त्यांतून डांबर व कार्बन मोनॉक्साइड निघतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानं ओढायच्या वनौषधी उत्पादनांवरही आरोग्याचा इशारा सक्तीचा केला. महाराष्ट्रात २०१८ मध्ये हुक्का पार्लरांवर बंदी आली, आणि ‘आमचा हुक्का हर्बल आहे’ ही पाटी लगेच पुढे आली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं उपाहारगृहाच्या परवान्यात हर्बल हुक्का आपोआप येत नाही, असं स्पष्ट केलं. पण हा परवान्याचा निवाडा झाला. वेष्टनावरच्या इशाऱ्याचा प्रश्न तसाच आहे.

मग करायचं काय

प्रश्नाचं माप ध्यानात ठेवायला हवं. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेतात. त्यांत ओढणारे ३.८ टक्के, तर चघळणारे, मळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के. आपल्या भागात खरी लढाई चुन्याच्या डबीशी आहे. रानपाल्याची विडी हा त्या मानानं छोटा कोपरा. पण ती ‘औषधी’ म्हणून विकली जाते आणि जी शाळकरी पोरं विडीला बिचकतात, ती तुळशीच्या विडीला बिचकत नाहीत. म्हणून तो दुर्लक्षून चालणार नाही.

तंबाखू सोडणाऱ्याला धुराची बदली देण्यापेक्षा तलफेची बदली देणं शहाणपणाचं. निकोटिनच्या गोळ्या आणि च्युइंगम यांची मात्रा मोजता येते, आणि केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा त्यासाठीच आहे. दम लागत असेल तर धोतरा तोडण्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. आणि सरकारनं एवढं करावं: ‘ओढण्यासाठी’ म्हणून जे जे विकलं जातं, मग त्यात तंबाखू असो वा ज्येष्ठमध, त्यावर धुराचा इशारा छापायला लावावा. तुळस अंगणात पूजनीय, काढ्यात गुणकारी. विडीत वळून पेटवली की तिची गाठ फुप्फुसाशी आहे, हे पाकिटावर लिहिलेलंच असायला हवं.